कुळे स्टेशनविषयी, दूधसागरला निघालेल्या मित्रास

कुडचडे, गोवा

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तू दूधसागर पाहायला येणार असल्याचे वाचून आनंद झाला. मात्र जीप आणि धबधब्याच्या गडबडीत कुळे स्टेशन नुसते ओलांडून जाशील, अशी शंका आल्यामुळे त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

वास्कोहून येणारी पॅसेंजर कुळे येथेच संपते, कारण सपाट मुलूखही तिथेच संपतो. पुढे घाटमाथ्यावरच्या, कर्नाटकातील कॅसलरॉक स्टेशनपर्यंत सुमारे २६ किलोमीटरचा घाट असून त्याचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे दर ३७ मीटरला गाडी एक मीटर वर चढते. मोटारीला हा चढ जाणवणारही नाही. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड ती किती असणार? म्हणून मुरगाव बंदरातून कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे निघालेली कोळशाची मालगाडी इथे थांबते आणि तिच्या मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिने लागतात. त्यांचा धक्का बसला की खडखडाट एका वाघिणीतून दुसरीत असा पार पुढपर्यंत जातो, आणि मग पुढची इंजिने ओढू लागतात, मागची ढकलू लागतात. घाट उतरून आलेल्या गाडीजवळ उभा राहिलास तर तापलेल्या ब्रेकचा करपट वास नाकात भरेल. माझ्या मते धबधब्याइतकेच हेही पाहण्यासारखे आहे.

हा मार्ग गोवेकरांच्या सोयीसाठी झाला, असे कोणी सांगितल्यास मान डोलावू नकोस. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत जो करार झाला, त्यातून मुरगावचे बंदर आणि ही रेल्वे उभी राहिली. भांडवल लंडनच्या कंपनीचे, त्यावरील उत्पन्नाची हमी पोर्तुगालची, आणि त्याच करारान्वये गोव्यातील मिठावरचा ताबा इंग्रजांकडे. त्याची झळ बसली ती आमच्या मिठागरवाल्यांना. १८८८ साली मीटर गेजची, म्हणजे अरुंद रुळांची गाडी घाट चढून ब्रिटिश हद्दीत पोचली खरी, पण दक्खनचा माल अपेक्षेइतका बंदराकडे आला नाही, आणि १९०२ पासून गाड्या चालवण्याचे काम सदर्न मराठा रेल्वेकडे गेले. माणसे मात्र भरपूर गेली. मुंबईला पोटापाण्यासाठी निघालेला गोवेकर याच घाटाने लोंढ्याला, तिथून पुण्याला जाई आणि तिथे गाडी बदली. १९५५ साली भारताने पोर्तुगीज गोव्याच्या केलेल्या नाकेबंदीत सीमेपलीकडची वाहतूक बंद पडली व गोवामुक्तीनंतर पुन्हा सुरू झाली. पुढे नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रूळ आले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे सुरू झाली आणि मुंबईचा प्रवासी या घाटाला जवळजवळ विसरला.

आता इथे दुसरा रूळ टाकण्याचा वाद आहे. कुळे ते कॅसलरॉक हा टप्पा अभयारण्यातून जात असल्याने राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने त्याला दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. मला स्वतःला रेल्वेचा लळा आहे, तरी हा निर्णय योग्यच वाटतो. दुसरा रूळ आला तरी गावच्या माणसाला पॅसेंजरची एखादी फेरी वाढवून मिळेल, असे मला मुळीच वाटत नाही.

तू मडगावहून पॅसेंजरनेच ये. रुळांवरून चालत धबधब्याकडे जाण्यास मनाई आहे, तेव्हा तो उद्योग नको. यार्डात मालगाडी उभी दिसली, तर तिला बँकर लागेपर्यंत जीपवाल्याला थांबवून ठेव. तो कुरकुरेल, पण थांबेल.

घरी सर्वांस नमस्कार. कळावे.

तुझा,
कुडचडेकर मित्र