मे महिन्यात अंगणात पडदा लावायचा आहे

सप्रेम नमस्कार,

येत्या मे महिन्यात चार शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या अंगणात पडदा लावून आपल्या लहानपणचे मराठी चित्रपट दाखवायचे, असे कार्यकारिणीने ठरवले आहे. प्रवेश सर्वांना मोफत. खर्च मात्र आहेच, म्हणून हे आवाहन.

पहिला मान 'श्यामची आई'चा. साने गुरुजींचे पुस्तक आपल्या कपाटात आहे आणि मुले ते नेतातही. पण आचार्य अत्र्यांनी १९५३ साली काढलेला चित्रपट, वनमालाबाईंची आई आणि माधव वझ्यांचा श्याम, हे पडद्यावर पाहिलेली माणसे आता पणजोबांच्या वयाची झाली. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक या चित्रपटाला मिळाले. उरलेले तिन्ही शनिवार महेश कोठाऱ्यांचे: 'धडाकेबाज' (१९९०), 'माझा छकुला' (१९९४) आणि शेवटी 'झपाटलेला' (१९९३). त्यातल्या तात्या विंचू या बोलक्या बाहुल्यावरून बैठकीत बराच वाद झाला. लहान मुले घाबरतील, असे काहींचे म्हणणे. रामदास पाध्यांच्या त्या बाहुल्याला जे स्वतः लहानपणी घाबरले होते, तेच सभासद 'तो हवाच' म्हणून अडून बसले, आणि ठराव मंजूर झाला.

हे चित्रपट मोबाईलवर फुकट दिसतात, मग पडदा कशाला, असे काही जण विचारतात. ज्यांनी गणपतीत रस्त्यावर सिनेमा पाहिलाय, ते विचारणार नाहीत. दोन खांबांना पांढरे कापड बांधलेले असायचे. पुढे जागा मिळाली नाही की पोरे सरळ पडद्यामागे जाऊन बसायची. तिकडून नावे उलटी दिसत, नायक डावखुरा होई, पण कोणाची तक्रार नसे. रीळ बदलेपर्यंत शिट्ट्या, शेंगदाण्याच्या पुड्या, आणि कोणाची तरी आई अंधारात नाव घेऊन हाका मारत असायची. लक्ष्याच्या एका विनोदावर सगळी आळी एकदम हसली की ज्याला विनोद कळला नाही तोही हसायचा. हे हातातल्या पडद्यावर होत नाही. यंदा पडद्यामागची जागाही मोकळी ठेवणार आहोत.

आता खर्चाचे. आपले वाचनालय शासनाच्या वर्गवारीत 'क' वर्गातले. शासनाचे अनुदान पगार आणि पुस्तकांतच संपते, त्यातून एक पैसाही इकडे वळवता येत नाही. प्रोजेक्टर, पडदा आणि स्पीकर भाड्याने आणायचे आहेत. शिवाय चित्रपट असा जाहीरपणे दाखवायचा तर हक्कधारकांची लेखी परवानगी लागते आणि तिचे शुल्क पडते. कुठून तरी उतरवून घेतलेली प्रत लावायची नाही, यावर कार्यकारिणी ठाम आहे. एकूण अंदाज ४८ हजार रुपयांचा. सभासदांकडून १५ हजार जमले आहेत. बाकीचे आपल्यावर. १०१ रुपयेही आनंदाने घेऊ. देणगीवर आयकराची सवलत मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पैशांइतकीच माणसेही हवी आहेत. सतरंज्या, पिण्याच्या पाण्याची पिंपे, वायरिंग जाणणारा कोणी, आणि ज्येष्ठांना घरून आणून पुन्हा सोडणारी तरुण मुले. कोणाकडे जुनी तिकिटे, जाहिरातीचे कागद किंवा तंबू थिएटरचे फोटो असतील तर चार आठवड्यांसाठी द्यावेत. काचेच्या कपाटात मांडू आणि जसेच्या तसे परत करू.

चित्रपट अंधार पडल्यावर, सव्वासातला सुरू होईल. रात्री दहानंतर स्पीकर चालत नाही, त्यामुळे उशीर करू नये. वळीव आला तर कार्यक्रम वरच्या सभागृहात होईल. तिथे जागा कमी आहे, म्हणून मुलांना आधी बसवू.

देणगी १५ एप्रिलपर्यंत वाचनालयाच्या वेळेत कार्यालयात द्यावी. छापील पावती घेतल्याशिवाय कोणाच्याही हाती पैसे देऊ नयेत, अगदी आमच्याही.

आपली,
कार्यकारिणी, सार्वजनिक वाचनालय