चर्चची बातमी फक्त ख्रिसमसलाच का?

संपादक साहेब, नमस्कार.

दरवर्षी 25 डिसेंबरला पेपरात चर्चच्या रोषणाईचा एक फोटो येतो आणि मग वर्षभर आमची आठवण कोणालाच नसते. मी लुथरन मंडळीतला (म्हणजे ल्यूथरला मानणारा प्रोटेस्टंट पंथ, आम्हाला पोप नाही), आमच्याकडे खरा गजबजाट तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असतो. 31 ऑक्टोबर 1517 ला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये पापक्षमेच्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध 95 मुद्दे मांडले, त्याची ही आठवण, त्या दिवशी वेदीवर लाल कापड असतं आणि सगळी मंडळी घसा फोडून गाते (सुरात असेलच असं नाही). लोकांनी स्वतःच्या भाषेत गायचं ही सवयपण ल्यूथरचीच, 1524 ला फक्त 8 गीतांची छोटी पुस्तिका निघाली होती, आता आमचं गीतपुस्तक एका हातात धरवत नाही!

बाकी बातम्या म्हणाल तर उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये सगळं कळतं, कोणाच्या बाळाचा बाप्तिस्मा, कोण आजारी, छताच्या दुरुस्तीचा फंड कुठवर आला, ऑर्गन वाजवायला कोणी मिळेल का. दृढीकरणाच्या (मोठं झाल्यावर स्वतः विश्वास कबूल करायचा विधी) क्लासची पोरं ल्यूथरची 1529 ची धर्मशिक्षणाची छोटी प्रश्नोत्तरी अजून पाठ करतात, प्रत्येक आज्ञेनंतर "याचा अर्थ काय?" हा प्रश्न ठरलेला, मग ती घरी येऊन आईबापालापण तेच विचारतात आणि आमची पंचाईत.

अजून एक, 1999 ला ऑग्सबर्गमध्ये लुथरन आणि कॅथलिकांनी ज्या मुद्द्यावरून फूट पडली (माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो) त्यावरच्याच संयुक्त निवेदनावर एकत्र सह्या केल्या, तरी लोक मला अजून विचारतात, तुमचे पोप कसे आहेत?

एक वाचक