समुद्राखाली लाव्ह्याचा समुद्र नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सागरतळावरील ज्वालामुखींविषयीचा लेख वाचला. विषय चांगला निवडला आहे. मात्र ‘भूपट्टांच्या खाली लाव्हा खदखदत असतो आणि पट्ट एकमेकांवर घासून भेग पडली की तो उसळून वर येतो’ हे लेखातले मुख्य विधानच चुकीचे आहे. ही समजूत इतकी रुळली आहे की तिच्याबद्दल एकट्या लेखकाला दोष देणे योग्य होणार नाही.

भूपट्ट म्हणजे पृथ्वीच्या कठीण बाह्य आवरणाचे प्रचंड, सरकते तुकडे. त्यांच्याखालचे प्रावरण, म्हणजे कवच आणि गाभा यांच्यामधला जाड थर, घन खडकाचे आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, पण प्रावरणातून त्या आरपार जातात. तिथे द्रवाचा अखंड थर नसल्याचा यापेक्षा सरळ पुरावा नाही. हा खडक अतिशय तापलेला असतो, तरी वरच्या प्रचंड दाबामुळे वितळत नाही. तेव्हा खरा प्रश्न असा, की मुळात घन असलेला खडक काही ठरावीक जागीच का वितळतो?

जिथे दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात, तिथे मोकळ्या होणाऱ्या जागेकडे खालचा खडक वर्षाला काही सेंटीमीटर इतक्या संथ गतीने, घन अवस्थेतच चढू लागतो. वर येताना तो फारसा थंड होत नाही, पण त्याच्यावरचा दाब मात्र उतरत जातो आणि दाबाबरोबर वितळण्याचे तापमानही उतरते. उंच पर्वतावर पाणी कमी तापमानाला उकळते, तसाच हा प्रकार. म्हणजे बाहेरून उष्णता न मिळताही खडकाचा थोडा भाग, साधारण दहावा हिस्सा, वितळतो आणि तो शिलारस हलका असल्याने वर चढतो. सुमारे 65,000 किलोमीटर लांबीच्या मध्य-महासागरी पर्वतरांगा अशाच घडल्या असून पृथ्वीवरचा बहुतांश लाव्हा तिथेच बाहेर पडतो. लेखात या रांगांना एक ओळही मिळू नये, याचे नवल वाटले. तिथले उद्रेक आपल्याला दिसत नाहीत, कारण अडीच हजार मीटर खोलीवर पाण्याचा दाब वातावरणाच्या अडीचशे पट असतो आणि वाफेला स्फोट घडवण्याइतके फुगता येत नाही. बाराशे अंशांच्या आसपासचा लाव्हा गार पाण्याला भिडताच त्यावर काचेसारखी साल धरते, आतल्या लाव्ह्याच्या रेट्याने ती फुटते, फटीतून नवा गोळा बाहेर येतो आणि त्यावरही साल धरते. उशांची रास रचावी तसा तळ तयार होत जातो.

भूपट्ट जिथे एकमेकांकडे सरकतात, तिथली गोष्ट वेगळी आहे, आणि घर्षणाचा गैरसमज येथेच शिरतो. दुसऱ्याखाली बुडणारा सागरी पट्ट भोवतालच्या प्रावरणापेक्षा थंड असतो. तो कोणाला काय वितळवणार! पण त्याच्या खनिजांत समुद्राचे पाणी बांधलेले असते. सुमारे शंभर किलोमीटर खोलीवर ते सुटून वरच्या तप्त खडकात शिरते आणि बर्फावर मीठ टाकल्यावर व्हावे तसा त्या खडकाचा वितळणबिंदू खाली येतो. हेच पाणी पुढे शिलारसात उतरते, म्हणून हे ज्वालामुखी स्फोटक असतात. पॅसिफिक महासागरातल्या टोंगा बेटांजवळ पॅसिफिक भूपट्ट असाच बुडतो आहे. 15 जानेवारी 2022 रोजी तिथल्या, शिखर उथळ पाण्यात असलेल्या ज्वालामुखीने राखेचा लोट 50 किलोमीटरहून उंच उडवला होता.

हवाईची बेटे मात्र भूपट्टांच्या कोणत्याही सीमेवर नाहीत. खोलवरून वर येणाऱ्या तप्त स्तंभावरून पट्ट सरकत राहतो, त्यामुळे ज्वालामुखींची माळ तयार होते, ही कल्पना कॅनडाचे भूवैज्ञानिक ट्यूझो विल्सन यांनी 1963 मध्ये मांडली. त्या माळेतला सर्वांत नवा मणी, पूर्वी लोइही नावाने ओळखला जाणारा कामाएहुआकानालोआ, आजही सुमारे हजार मीटर पाण्याखाली आहे.

शेवटी लेखासोबतच्या आकृतीविषयी. तिच्यात भूपट्टांखालचा सगळा भाग लालभडक रंगवला आहे. काही उद्रेकांत लाव्ह्याबरोबर प्रावरणाचे न वितळलेले तुकडे वर येतात आणि ऑलिव्हिन खनिजामुळे ते चक्क हिरवे असतात. पुढच्या वेळी चित्रकाराने तो रंग वापरून पाहावा, एवढीच विनंती.

आपला,
एक नियमित वाचक