कक्षेतील देखभालीची मानके उड्डाणाआधी हवीत

महोदय,

‘इस्रो’च्या ‘स्पेडेक्स’ मोहिमेतील दोन उपग्रह १६ जानेवारी २०२५ रोजी कक्षेत एकमेकांना जोडले गेले आणि भारताच्या या यशाचे यथोचित कौतुकही झाले. परंतु ते दोन्ही उपग्रह ‘इस्रो’नेच, एकमेकांशी जुळावेत या हेतूने बांधले होते. कक्षेत जाऊन उपग्रहाची दुरुस्ती करणारे किंवा त्यात इंधन भरणारे सेवायान एका कंपनीचे आणि उपग्रह दुसऱ्याच देशाचा असेल, तेव्हा दोघांनी आधीच मान्य केलेली मानके लागतील. त्यांची चर्चा आपल्याकडे जवळपास होतच नाही.

अशी पूर्वतयारी नसली की काय होते, हे १९९२ मध्ये दिसले. खालच्या कक्षेत अडकलेल्या ‘इंटेलसॅट’ या एका दळणवळण उपग्रहावर पकडीची सोय नव्हती. खास बनवलेला दांडाही त्यावर बसेना, तेव्हा ‘एन्डेव्हर’ या अमेरिकी अंतराळयानातील तीन अंतराळवीरांनी बाहेर पडून तो अक्षरशः हातांनी धरला. २०२० मध्ये ‘एमईव्ही-१’ हे सेवायान ‘इंटेलसॅट-९०१’ या उपग्रहाला जोडले गेले, तेही उपग्रहाच्या इंजिनाच्या नळकांड्यात दांडा घालून, कारण जोडणीसाठी वेगळी जागा ठेवलेलीच नव्हती. उपग्रहाचे आयुष्य वाढले, मात्र त्याच्या टाकीत इंधन भरले गेले नाही. त्याला योग्य जागी व दिशेत ठेवण्याचे काम सेवायानाने स्वतःच्या इंजिनांनी केले. ‘लँडसॅट-७’ या भूनिरीक्षण उपग्रहात यंत्रहातांनी इंधन भरण्याचा प्रकल्प ‘नासा’ने २०२४ मध्ये थांबवला. त्यामागे खर्च आणि विलंब होतेच, शिवाय अशी सोय नसलेल्या उपग्रहांत इंधन भरण्याच्या कल्पनेपासून हे क्षेत्र दूर जात असल्याचेही कारण देण्यात आले.

२०२२ मध्ये कक्षेतील अशा सेवांसाठी ‘आयएसओ २४३३०’ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. ‘कॉन्फर्स’ या उद्योगसमूहाच्या कामाचा त्याला आधार होता. तथापि त्यात मुख्यतः तत्त्वे आणि कार्यपद्धती आहेत. इंधनाच्या झडपेची घडण त्याने ठरत नाही. एकट्या अमेरिकेतच ‘ऑर्बिट फॅब’ आणि ‘नॉर्थरॉप ग्रुमन’ या कंपन्यांच्या इंधनजोडण्या वेगवेगळ्या आहेत.

नुकसानभरपाईचा प्रश्न मला याहून गंभीर वाटतो. १९७२ च्या दायित्व करारानुसार अवकाशात एका देशाच्या यानाने दुसऱ्याच्या यानाचे नुकसान केल्यास कसूर सिद्ध व्हावी लागते. पण जवळ जाताना किती अंतरावर थांबायचे, कोणाला पूर्वसूचना द्यायची, कोणत्या क्षणी माघार घ्यायची हे कुठे मान्यच झालेले नसेल, तर कसूर कशावरून ठरवणार? शिवाय जे यान दुरुस्तीसाठी उपग्रहाला भिडू शकते, ते त्याला निकामीही करू शकते, म्हणून ही पारदर्शकता संरक्षणाच्या दृष्टीनेही आवश्यक आहे.

खासगी अवकाश उपक्रमांना परवानगी देणाऱ्या ‘इन-स्पेस’ या सरकारी संस्थेने नव्या उपग्रहांना परवानगी देताना निदान जवळ येणाऱ्या यानाला दिसतील अशा ओळखखुणा आणि पकडीची जागा यांची अट घालावी, आणि भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्रो’ व खासगी उद्योगांना सोबत घेऊन इंधनजोडणीच्या आंतरराष्ट्रीय चर्चेत आपला मसुदा मांडावा. एकदा प्रक्षेपित झालेल्या उपग्रहावर ही सोय नंतर बसवता येत नाही. त्यामुळे आज आराखड्यावर असलेल्या उपग्रहांपासूनच ही सुरुवात व्हायला हवी.

– एक वाचक, पुणे