चुकलेल्या बाणामागे चालत येणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानू लागले की आपण पावसाचा नाहीतर सोयाबीनच्या भावाचा विषय काढता आणि माझे बोलणे ओठांवरच राहून जाते. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. त्याला निमित्तही ताजे आहे. गेल्या आठवड्यात परभणीत एका मैदानावर थांबले असताना दहा-बारा वर्षांच्या मुलीचा बाण टार्गेटवरून मागच्या झुडपात गेला, तेव्हा तिच्या प्रशिक्षकाने खुर्चीतून न उठता, "घालवलास ना, आता बस शोधत," असे चारचौघांत सुनावले. ती मान खाली घालून एकटीच निघाली आणि मला आपली इतक्या तीव्रतेने आठवण झाली की घरी येईपर्यंत मन थाऱ्यावर नव्हते.

आपल्याकडे येण्यापूर्वी मी ज्या केंद्रात नाव घातले होते, त्याचे नाव येथे घेत नाही. चाळिशी उलटलेली, दिवसभर बँकेच्या खिडकीत बसणारी बाई धनुष्य हाती घ्यायचे म्हणते, याचेच तिथे सर्वांना हसू होते. नवशिक्याच्या हाती साधारण 18 ते 24 पौंडांचे धनुष्य द्यावे, हे या खेळातले अगदी प्राथमिक ज्ञान आहे. मला मात्र, शिल्लक होते म्हणून, 38 पौंडांचे धनुष्य दिले गेले. म्हणजे प्रत्येक वेळी दोरी ओढायची तर जवळपास 17 किलोंचा ताण बोटांवर झेलायचा. खांदा थरथरू लागे, नेम धरण्याआधीच दोरी सुटे आणि बाण डावीकडून निघून जाई. कोणी म्हणे मन एकाग्र करा, कोणी म्हणे थोडे उजवीकडे धरा, आणि एका महाशयांनी तर योगासनांचा वर्ग सुचवला. हरवलेल्या बाणाचे पैसे मात्र वहीत न चुकता मांडले जात. तेवढ्या बाबतीत त्या केंद्राची एकाग्रता वाखाणण्यासारखी होती.

सेलूच्या अलीकडे, शाळेमागच्या आपल्या मैदानावर मी पहिल्यांदा आले, तेव्हा आपण मला धनुष्यच दिले नाही. दोन्ही तळहात जोडून मधल्या फटीतून दूरच्या कडुनिंबाकडे पाहायला लावले, हात हळूहळू चेहऱ्याकडे आणायला सांगितले, आणि फट आपोआप डाव्या डोळ्यासमोर आली. उजव्या हाताने दोरी ओढणारी मी नकळत डाव्या डोळ्याने नेम धरत होते. बाण डावीकडे जाणार नाहीत तर काय! आपण खिशातून पांढरी चिकटपट्टी काढून तिचा नखाएवढा तुकडा माझ्या चष्म्याच्या डाव्या काचेवर लावला आणि माझ्या हाती हलके धनुष्य दिले. कित्येक महिने मनाला टोचत राहिलेल्या दोषाचे कारण हे एवढेच होते. पुढे टार्गेटचा पिवळा ठिपका दिसताच बोटे आपोआप दोरी सोडू लागली, तेव्हा तो ठिपकाच काढून टाकून आपण मला कोऱ्या टार्गेटसमोर अगदी जवळ उभे केलेत. त्या शिकवणुकीबद्दल मी ऋणी आहेच, पण हे पत्र तिच्यासाठी नाही.

हे पत्र आपल्या चालण्यासाठी आहे. माझा बाण टार्गेट सोडून मागच्या गवतात शिरला की आपण शिट्टी वाजवून सगळी रांग थांबवता. जिल्हा स्पर्धेची तयारी करणारी मुलेही धनुष्य खाली ठेवतात. मग माझे धनुष्य टार्गेटला पुढून टेकवून ठेवायला सांगता, म्हणजे मागे माणूस आहे हे दुरूनही कळावे, आणि म्हणता, "चला ताई, हुडकू. पिवळं पीस हाय, घावतंय." गुडघे दुखत असतानाही आपण माझ्यासोबत कुसळाच्या गवतात उतरता. पाऊस नुकताच उघडलेला असला तर काळी माती चपलेला धरते आणि प्रत्येक पाऊल जड होते. आपण वाकून, उन्हाच्या तिरिपेकडे तोंड करून पाहता, कारण चुकलेला बाण बहुधा उभा रुतत नाही, तो गवताखालून सरपटत जाऊन आडवा पडतो आणि वरून पाहणाऱ्याला दिसतच नाही. सापडला की मागे न खेचता, ज्या दिशेने गेला त्याच दिशेने पुढे ओढून काढता, म्हणजे पिसे फाटत नाहीत. मग उपरण्याने चिखल पुसून, कानाजवळ नेऊन, दोन्ही हातांनी तो किंचित वाकवून ऐकता. कार्बनच्या बाणाला बारीक तडा गेलेला असेल तर तो करकरतो, आणि तसा बाण पुन्हा धनुष्याला लावला तर सुटताना फुटून हातात घुसू शकतो. एवढे सारे झाल्यावर तो बाण आपण टोक खाली करून माझ्या हाती देता. त्या साऱ्या वेळात कोठे चुकले याबद्दल चकार शब्द काढत नाही. बोलणे चालते ते विहिरीच्या पाण्याचे, नाहीतर नातवाच्या शाळेचे.

सर, नेम चुकल्याने मला जेवढी लाज वाटत असे, त्याहून अधिक ती त्या एकटीने करायच्या शोधाची वाटत असे. सगळे रांगेत उभे राहून वाट पाहत आहेत, आणि आपण पाठमोऱ्या, वाकलेल्या, गवत चाचपत आहोत. आपण सोबत आलात आणि ती लाज गेली. त्यानंतर बाण चुकला तर चुकला, एवढेच उरले; आणि असे झाल्यावरच, का कोण जाणे, ते कमी चुकू लागले.

माझ्या भाच्याने परदेशातल्या धनुर्धारी शिकाऱ्यांच्या चित्रफिती दाखवल्या होत्या, त्याविषयी मी आपल्याला विचारले होते. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो प्रश्नच मिटला आहे, आणि शेतात रोही, म्हणजे नीलगायी, शिरल्या की गावकरी मला चेष्टेने हाक मारतात ती गोष्ट वेगळी. पण आपण त्या प्रश्नाचे जे उत्तर दिलेत ते मी विसरलेले नाही. हरणावर बाण सोडणारा मुरलेला शिकारीही चुकतो, असे आपण सांगितलेत, कारण कंपाऊंड, म्हणजे टोकांना कप्प्या असलेल्या, धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण 80 ते 90 मीटर जातो आणि आवाज सुमारे 340 मीटर; दोरीचा आवाज आधी पोहोचतो, बुजलेले हरीण उडी घेण्यासाठी खाली दबते आणि बाण पाठीवरून निघून जातो. तिथल्या जाणत्या शिकाऱ्याला साफ चुकलेला बाण परवडतो, अर्धवट लागून जनावराला तडफडत ठेवणारा बाण मात्र परवडत नाही, म्हणून खात्री नसेल तर ओढलेली दोरी सावकाश सैल करून धनुष्य खाली घेणे, हे तिथे नवशिक्याने आधी शिकायचे असते. आमच्यासमोर तर नुसता कागद असतो. तरीही हात थरथरला की आपण मला दोरी सैल करायला लावता आणि न सोडलेल्या बाणाबद्दल शाबासकी देता. आधीच्या केंद्रात न सोडलेला बाण म्हणजे वाया गेलेला वेळ होता.

2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी अवघ्या 17 व्या वर्षी विजेती ठरली, आणि त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण मिळवले. म्हणजे 50 मीटरवरून जेमतेम 8 सेंटीमीटरच्या वर्तुळात पंधराच्या पंधरा बाण. याचा अभिमान मलाही आहे. पण तेव्हापासून जो तो पदकाच्या भाषेत बोलतो, आणि ज्याच्याकडून पदक येणार नाही त्याच्याकडे पाहायला कोणाला सवड नसते. माझ्याकडून पदक येणार नाही, हे आपल्याला पहिल्याच दिवशी दिसले असणार. तरीही माझ्या बाणासाठी आपण पदकाच्या वाटेवरची मुले थांबवलीत, आणि त्या मुलांनीही कधी तोंड वाकडे केले नाही. एवढेच नव्हे, आता ती न सांगता गवतात उतरतात. चांगुलपणा भाषणातून शिकवता येत नाही, असे मला वाटू लागले आहे, कारण त्या मुलांना आपण याबद्दल कधी काही सांगितल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

आपण फी घेत नाही, आणि दिवाळीला आणलेला फराळही मुलांना वाटून मोकळे होता. म्हणून आम्ही काही पालकांनी आणि मी मिळून टार्गेटच्या मागे लावायची जाळी मागवली आहे. येत्या रविवारी लोखंडी खांब रोवायला माणसे येतील, तेव्हा कृपया त्यांना परत पाठवू नये. जाळी चुकवूनही माझा एखादा बाण पलीकडच्या तुरीत जाईलच, याची मला खात्री आहे. तेव्हा मात्र आपण बांधावर बसून राहावे आणि आम्हाला जाऊ द्यावे, एवढी विनंती आहे, कारण आपल्या गुडघ्यांबद्दल काकूंनी मला सारे काही सांगितले आहे.

आपली विद्यार्थिनी