बोर्डो मिश्रणातला ‘चुना’ कोणता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की संत्रा-मोसंबीच्या बुंध्यांना बोर्डो पेस्ट लावा, सुपारीच्या घोसांवर कोळेरोगासाठी (फळे सडवणारा रोग) एक टक्का बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक फवारा, असे सल्ले छापून येतात. प्रमाणही असते: 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. घोटाळा होतो तो ‘चुना’ या शब्दात. इथे हवा कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. दुकानात मात्र पांढरी दिसेल ती पूड चुना म्हणून गळ्यात पडते.

चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि 100 किलो शुद्ध दगडामागे 56 किलो कळी उरते. ती उघड्या पोत्यात पडून राहिली, तर हवेतली ओल आणि तोच वायू शोषून पुन्हा चुनखडीच्या वळणावर जाते. अशा पुडीने मोरचुदाचा आम्लपणा नीट मरत नाही, विरघळलेले तांबे मोकळे राहते आणि कोवळी पाने करपतात. बोल मात्र मोरचुदाला लागतो!

खरे तर 1 किलो मोरचुदाला हिशेबाने पाव किलो शुद्ध कळीही पुरते. बरोबरीने घ्यायचा तो कमअस्सल मालाची तूट भरून निघावी म्हणून. पण माल अगदीच मेलेला असेल, तर ही सवलतही कामाला येत नाही.

पारख सोपी आहे. ढेकळावर थोडे पाणी टाका. ताजी कळी काही मिनिटांत सूं-सूं करत तापते, फुटते, फुलते. नुसते भिजून गार राहिले, तर ते ढेकूळ परत करा. लिंबाच्या रसाने जोरात फसफसणारी पूडही नकोच. मधोमध कडक खडा उरला, तर तो कच्चा भाजलेला दगड. गाळून टाका, नाहीतर नोझल तुंबते.

चुना लोखंडी घमेल्यात विरवावा. 1 किलो कळीची उष्णता 3 लिटर पाणी उकळीला आणू शकते, त्यामुळे थोड्या पाण्यात विरवताना प्लॅस्टिकची बादली मऊ पडते. मोरचूद मात्र प्लॅस्टिकच्याच भांड्यात, कारण लोखंडावर तांबे चढून द्रावण दुबळे होते. दोन्ही 50-50 लिटर पाण्यात वेगवेगळे करून, चुना पूर्ण गार झाल्यावर, तिसऱ्या प्लॅस्टिकच्या पिंपात एकदम ओतत ढवळावे. गरम चुन्याने कण जाड पडतात आणि तळाशी बसतात. मग घासलेला खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुन्याची निवळी वाढवा. मिश्रण त्याच दिवशी संपवायचे. पेस्टलाही हेच नियम, फक्त पाणी 10 लिटर.

चुना विरवताना चष्मा हवाच. आधी पाणी घ्यावे आणि त्यात कळी थोडी थोडी सोडावी. शिंतोडा डोळ्यात गेला तर चोळू नये. निदान वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन तडक डॉक्टरकडे जावे.

तेव्हा सल्ला छापताना नुसते ‘चुना’ न लिहिता ‘ताजा कळीचा चुना, ढेकळांत’ असे लिहावे, ही विनंती. जागा चार शब्दांचीच लागेल.

आपला,
एक वाचक