बसऱ्याला गेलेले पणजोबा

संपादक महोदय,

‘बसऱ्याला गेले ते गेलेच,’ एवढंच आजी तिच्या वडिलांबद्दल सांगायची. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेलेल्या या पणजोबांचा माग काढायला मी निवृत्तीनंतर बसलो. अशी माणसं गमावलेली घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत, म्हणून हे पत्र.

सुरुवातीलाच माझं चुकलं. मी थडगं शोधत होतो. हिंदू शिपायाचं थडगं कुठून असणार, हे साधं डोक्यात आलं नाही. इराकमधल्या अमाराच्या युद्धस्मशानाचे फोटो मोठे करकरून पाहिले, तर तिथं दगडच नाहीत. जमिनीतल्या क्षारांनी ते खराब व्हायला लागले म्हणून १९३३ साली सगळे काढले आणि नावं भिंतीवर कोरली. मग बसऱ्याच्या स्मारकाकडे वळलो. ज्यांची कबर माहीत नाही अशा ४० हजारांहून अधिक सैनिकांसाठी ते बांधलं, १९२९ साली त्याचं अनावरण झालं. त्यावर भारतीय पलटणींतल्या अधिकाऱ्यांची तेवढी नावं आहेत. शिपायांचा नुसता आकडा. फ्रान्समधल्या नव-शापेलच्या स्मारकावर मात्र आपल्या शिपायांचीही नावं आहेत, म्हणजे कोरता येत नव्हती असं नाही! युद्धकबरी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने हा भेदभाव २०२१ च्या अहवालात कबूल केला.

भिंतीवर नसलेली नावं आयोगाच्या नोंदींत मात्र सापडतात. शोधायची कशी, हे मला टपाल खात्यानं शिकवलं. वाचता न येणारे पत्ते लावण्यात माझी ३१ वर्षं गेली. आमचे पणजोबा धोंडी तिथं ‘डोंडी’ झालेत आणि आडनाव गायब आहे. पण पुढे बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा आहे. जिल्हा त्या काळचा धरायचा. सिंधुदुर्ग १९८१ साली झाला, त्यामुळे मालवण-देवगडचा माणूस रत्नागिरीखाली पाहावा; सावंतवाडीकडचा मात्र नाही, ते तेव्हा वेगळं संस्थान होतं.

हे धोंडी आमचेच, याची खात्री पटली ती देवघरातल्या त्यांच्या युद्धपदकामुळे. दर दिवाळीला रांगोळीनं घासून घासून त्यावरचा राजा पार सपाट झालाय. कडेवर मात्र नंबर, नाव आणि पलटण अजून वाचता येते. भिंग लागतं, आणि पदक उन्हात तिरकं धरावं लागतं. तोच नंबर नोंदीत होता. आईला दाखवला तर ती म्हणाली, ‘मग श्राद्धाची तिथी आता कळेल का?’ तारीख मिळाली होती. तिथी आम्ही काढून घेतली.

आमच्या गावात चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. १९१४–१९१९ च्या महायुद्धावर या गावातून किती जण गेले आणि किती जण मेले, एवढंच त्यावर इंग्रजीत आहे. इथंही आकडाच! त्यातला मेलेल्यांचा आकडा गेल्या रंगकामात चुन्याखाली गेला होता, तो मी नाण्यानं खरवडून काढला. अशा पाट्या इतर गावांतही आहेत. ग्रामपंचायतींनी नोंदींतून नावं काढून खाली लिहावीत, फार खर्चाचं काम नाही.

आणि जुनी पदकं सोनाराकडे मोडीत देऊ नका. आमच्या शेजाऱ्यांनी दिलं. आता त्यांच्या माणसाच्या नावाच्या तीन नोंदी निघाल्यात, तिन्ही एकाच तालुक्यातल्या, आणि आपला कोणता हे ठरवायला त्यांच्याकडे नंबर नाही.

– एक निवृत्त टपाल कर्मचारी